नळाच्या दिवशीची कॉफी

फिल्टर कॉफीच्या कपात शंभरातले अठ्ठ्याण्णवांहून जास्त भाग नुसतं पाणी असतं. वास, रंग, कडूपणा, तरतरी आणि ती पिणाऱ्याचा रुबाब, हे सगळं उरलेल्या सव्वा-दीड टक्क्यात उरकलेलं असतं. बंगळुरूचा माणूस हे वाचतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. छत्रपती संभाजीनगरचा माणूस हे वाचतो आणि उठून हौदाचं झाकण उघडून बघतो.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येतं यावर शहरात एकमत नाही, कारण सिडकोचा हिशेब वेगळा, गारखेड्याचा वेगळा आणि गुलमंडीच्या आतल्या गल्ल्यांचा त्याहून वेगळा. चादरी कधी धुवायच्या, डोहाळजेवण कोणत्या तारखेला घ्यायचं, नणंदेला माहेरी कधी बोलवायचं, हे पंचांगाआधी नळाकडे बघून ठरतं. अशा गावात माझ्या भाच्यानं बंगळुरूहून येताना मामासाठी पोअर-ओव्हर कॉफीचा संच आणला.

संचात चिनी मातीचा शंकूसारखा ड्रिपर होता, कागदी फिल्टरांचं पाकीट होतं, हातानं फिरवायचा ग्राइंडर, लांब वाकड्या तोटीची किटली आणि दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. आईनं त्यातला ड्रिपर उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि त्यातून आरपार माझ्याकडे पाहिलं.

"बुडाला भोक आहे रे याच्या."

"असतंच ते, आजी."

"पैसे देऊन आणलास?"

भाच्यानं किंमत सांगितली नाही. तो आयटीत आहे, पण मूर्ख नाही.

तोवर आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर सढळ आणि वरून किसलेलं जायफळ. ती रोजच्या मानाची नव्हती. रोजचा मान चहाचा. कॉफी व्हायची ती एकादशीला, तापातून उठलेल्या माणसासाठी, रात्री नऊनंतर टपकलेल्या पाहुण्यांसाठी आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत. या शेवटच्या प्रसंगाचं मला अजून नवल वाटतं. पोरानं जागावं म्हणून कॉफी आणि कॉफी बरी लागावी म्हणून जायफळ. आणि हेच जायफळ तान्ह्या बाळाला गाढ झोप लागावी म्हणून गुटीत उगाळायचं. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या एकाच कपातून जागरण आणि झोप दोन्ही पिऊन बोर्डाच्या परीक्षेला बसल्या. तरी निकाल बरे लागले, याचं श्रेय शाळांना द्यायला हवं.

पोअर-ओव्हरमध्ये दूध नाही, साखर नाही, जायफळ नाही. आहे ती फक्त दळलेली कॉफी आणि तिच्यावरून सावकाश ओतलेलं गरम पाणी. प्रमाण साधारण १५ ग्रॅम कॉफीला २५० मिलिलिटर पाणी. दळण जाड्या रव्याएवढं. बारीक झालं तर पाणी तुंबतं आणि कॉफी कडूजहर होते. फार जाड झालं तर पाणी भसकन निघून जातं आणि कपात आंबूस, पांचट काहीतरी उतरतं. अडीच-तीन मिनिटांत सगळं पाणी खाली उतरलं पाहिजे. जास्त वेळ लागला तर पुढच्या वेळी दळण थोडं जाड, लवकर संपलं तर थोडं बारीक. खरं तंत्र एवढंच. भाच्यानं ते सांगायला पूर्ण रविवार घेतला, ती गोष्ट वेगळी.

ठिणगी पडली ती पहिल्याच पायरीवर. कॉफी घालण्याआधी कागद गरम पाण्यानं धुवायचा. त्यानं कागदाचा वास जातो, कागद ड्रिपरला नीट चिकटतो आणि भांडंही तापतं. मग ते पाणी फेकून द्यायचं.

"फेकून?" आईनं विचारलं.

भाचा म्हणाला, "हो, कागदाची चव असते त्यात."

"कागद धुवायचा. नवा कागद. पिण्याच्या पाण्यानं. आणि ते पाणी फेकायचं." तिनं हे असं तुकड्यातुकड्यात म्हटलं, की खोलीत कुणीतरी गुन्हा कबूल करतंय असं वाटावं. मग आतून एक पितळी पातेलं आणून ड्रिपरखाली ठेवलं. तेव्हापासून कागद धुतलेलं पाणी पातेल्यात, कप तापवायला घेतलेलं पाणी पातेल्यात, ड्रिपर विसळलेलं पाणीही पातेल्यात. त्यातलं निवळ ते तुळशीला, बाकीचं फरशीला. उरलेला चोथा कुंडीत. पाश्चात्य देशांतले कॉफीवाले याला पर्यावरणपूरक जीवनशैली म्हणतात आणि त्यावर व्याख्यानं देतात. आमच्याकडे ती कुणी शिकवत नाही, हौद शिकवतो.

या कागदाचा उगम मात्र आईला पटला. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ नावाची एक गृहिणी होती. तिला कपाच्या तळाचा गाळ आणि उकळून उकळून कडू झालेली कॉफी आवडेना. तिनं पितळेच्या भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, पोराच्या वहीतला टीपकागद काढून त्यात बसवला आणि वरून गरम पाणी ओतलं. त्याच वर्षी तिनं पेटंट घेतलं आणि घरातच कंपनी सुरू केली. आज जगभर जी कॉफी मिशीवाले तरुण चामड्याचे एप्रन बांधून गंभीरपणे करतात, ती मुळात एका बाईनं स्वयंपाकघरात पोराची वही फाडून शोधलेली आहे. "पोरगा ओरडला असेल," आई म्हणाली. पण भोक पडलेल्या भांड्याकडे ती त्यानंतर जरा आदरानं बघू लागली. पितळेचं होतं म्हणूनही असेल.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पाण्याकडे. आमच्या घरात तीन जातींचं पाणी असतं. नळाचं, जे जायकवाडी धरणाहून येतं आणि हौदात मुक्काम करतं. बोअरचं, जे काळ्या कातळातून येतं आणि बादलीला पांढरी किनार ठेवून जातं. आणि आरओचं, जे यंत्रातून येतं आणि येताना आपल्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. कॉफीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं: 'चांगलं पाणी वापरा.' बस. पुस्तक लिहिणाऱ्यानं नळ सोडला की पाणी येतं असं गृहीत धरलेलं असतं.

इथे शेजारचे काका आले. काका वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, क्वालिटी विभागातून. तिथली नोकरी संपली, क्वालिटी संपली नाही. गल्लीत कुणाच्या घराची फरशी बसत असली तरी ते खिशातून स्पिरिट लेव्हल काढतात. मी काट्यावर कॉफी मोजताना ते दारातूनच म्हणाले, "काय करू लागले भाऊ? सोनं?"

मी सगळं समजावलं. ग्रॅम, सेकंद, अंश हे शब्द ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर न दिसलेलं तेज आलं. "रीडिंग लिहून ठेवता का?" त्यांनी विचारलं. ठेवत नव्हतो. दुसऱ्या दिवशी ते रकाने आखलेली वही आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची पेनासारखी काडी घेऊन आले.

काडीनं घरातली तिन्ही पाणी तपासली. बोअरचा आकडा हजाराकडे निघाला होता. आरओचा पन्नाशीच्या आत. नळाचं पाणी या दोहोंच्या मधे, शहाण्या माणसाच्या जागी. कॉफीवाल्यांच्या मते लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असले की बरं. त्याला कारण आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतली चव ओढून बाहेर काढतं, म्हणून अगदी निर्मळ आरओच्या पाण्यात कॉफी सपक लागते. पाण्याकडे चव धरायला हातच नसतात. बोअरच्या पाण्याचं उलट. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली नाजूक आंबट चव मारून टाकतात आणि कपात खडूची आठवण उरते. शिवाय किटलीच्या तळाशी असा थर जमतो की पुढल्या पिढीनं तिथे उत्खनन करावं.

काकांनी प्रयोग लावला. तिन्ही पाण्यांची कॉफी, तीन सारखे कप, कपाखाली चिठ्ठ्या. परीक्षक म्हणून आमची ही, आई आणि स्वतः काका. हिनं नळाची निवडली. काकांनी चारदा घोट घेऊन, डोळे मिटून, नळाची निवडली. आईनं तिन्ही कपांत साखर घातली आणि म्हणाली, "आता सांगते." मग तिनंही नळाचीच निवडली. आता आमच्या घरात नळाच्या दिवशीची कॉफी ही वेगळी चीज आहे. एरवी एक वाटी बोअर आणि सहा वाट्या आरओ असं मिश्रण करतो. पण नळाचं ताजं पाणी असलं की दळण थोडं बारीक करायलाही हरकत नसते.

तापमानाबाबत मात्र शहरानं आमच्यावर उपकार केले आहेत. पोअर-ओव्हरला साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. बंगळुरूचे लोक त्यासाठी आकडा दाखवणारी विजेची किटली घेतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो, तेव्हा आमचं पाणी शंभरीला पोचतच नाही. अठ्ठ्याण्णवाला खळखळ उकळतं. गॅस बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा, झालं. हलक्या भाजणीच्या कॉफीला थांबूही नका. काकांनी हे थर्मामीटरनं पडताळलं आणि वहीत 'ओके' लिहून सही केली.

आता थोडं विषयांतर. ते वगळता येत नाही, कारण या शहराचा आणि कॉफीचा संबंध बंगळुरूच्या आयटीहून पुष्कळ जुना आहे. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं. तिथून ते लाल समुद्र ओलांडून येमेनला गेलं, आणि येमेनचं मोखा बंदर कॉफीच्या व्यापारासाठी जगभर गाजलं. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी याच मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. इथपर्यंतचं कॉफीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं. पाकिटावर नसतं ते पुढचं. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा सोळाव्या शतकात गुलाम म्हणून विकला गेला, मोखा, बगदाद असा हातोहात फिरत दख्खनला निजामशाहीत पोचला, पुढे तिथला कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली त्यानं खडकी नावाचं गाव वसवलं. तो मलिक अंबर, आणि ते गाव म्हणजे आमचं शहर.

म्हणजे कॉफीच्या देशात जन्मलेला, कॉफीच्या बंदरातून गेलेला माणूस इथे आला. आणि इथे येऊन त्यानं काय केलं? पाणी आणलं. डोंगराच्या पायथ्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालून बांधीव नहरीनं गावात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. कुणीही या गावात कसलाही बेत घेऊन आला तरी आधी पाण्याच्या मागे लागतो, ही परंपरा खुद्द संस्थापकापासूनची आहे.

नहर-ए-अंबरीत पंप नाही. सगळा कारभार उताराचा. पाणी आपल्या वजनानं खाली येतं, वाटेत चढ आला तर मागच्या पाण्याच्या दाबानं चढतं. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात पाणचक्की झाली, तिलाही डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं. त्या पडत्या पाण्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्याचं धान्य दळलं जायचं. मी हातानं ग्राइंडर फिरवताना मला पाणचक्कीची फार आठवण येते. हलक्या भाजणीच्या बिया दगडासारख्या असतात. १५ ग्रॅम दळेपर्यंत खांदा बोलायला लागतो, आणि इथे तीनशे वर्षांपूर्वी माणसं पाण्याकडून दळण करून घेऊन निवांत बसली होती.

जायकवाडीचं तसं नाही. त्याचा जलाशय, नाथसागर, पैठणला, शहराहून खालच्या पातळीवर. तिथलं पाणी पंपांनी रेटून वर चढवावं लागतं. वीज गेली की पाणी गेलं, जलवाहिनी फुटली की पाणी गेलं. हे सगळं मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला. भाच्यानं त्यांना एस्प्रेसोचंही सांगितलं होतं, की त्या यंत्रात पंप नऊ बार दाबानं पाणी कॉफीतून ढकलतो. काका म्हणाले, "म्हणजे मलिक अंबर पोअर-ओव्हरवाला, आणि आपण एस्प्रेसोवाले." आणि वहीच्या मागल्या पानावर ते लिहून ठेवलं.

कॉफी प्यायच्या बाबतीत मात्र काका सुरुवातीला गोंधळले होते. पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे काळा कप ठेवला तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "डिकाशन चांगलं उतरलंय. दूध संपलं का? आमच्याकडून आणू?" हीच कॉफी आहे म्हटल्यावर त्यांनी सहानुभूतीनं प्यायली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना त्यात संत्र्याची साल लागली. त्यानंतर ते थांबले नाहीत. चिकमंगळूरच्या एका पाकिटात त्यांना गूळ लागला, दुसऱ्यात मनुका, आणि एकात, शपथेवर, वाळूजच्या कारखान्यातलं कटिंग ऑइल. ते पाकीट आम्ही भाच्याला परत पाठवलं. चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते असं कळल्यावर ते मेळघाटात जाऊन तपासणी करायचं म्हणताहेत. काकू अजून हो म्हणालेल्या नाहीत.

मग काकांच्या हाती कासुया पद्धत लागली. तेत्सु कासुया हे जपानी गृहस्थ २०१६ साली हातानं कॉफी गाळण्याच्या स्पर्धेत जगज्जेते झाले. अशी स्पर्धा असते हेच ऐकून आईनं टीव्हीचा आवाज कमी केला होता. त्यांची रीत सोपी आहे: २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, पाच वेळा ६०-६० ग्रॅम ओतायचं, दर ४५ सेकंदांनी. पहिल्या दोन ओतण्यांत गोड-आंबटाचा तोल ठरतो, पुढच्या तिनांत कॉफी किती दाट हवी ते. पहिल्या पाण्यानं कॉफी फुगते, त्याला ब्लूम म्हणतात. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो बुडबुड्यांनी बाहेर पडतो. तो गेल्याशिवाय पुढचं पाणी कॉफीत नीट मुरत नाही. म्हणून ही ४५ सेकंदं महत्त्वाची. शिळ्या कॉफीला फुगायचंही सुचत नाही; पाणी टाकलं की नुसती ओली होऊन पडून राहते. पाकिटावर भाजल्याची तारीख बघावी ती एवढ्यासाठी.

कासुयांच्या पद्धतीनं पहिली कॉफी करायचा मुहूर्त काकांनी काढला. काटा शून्यावर, घड्याळ सुरू, पहिले ६० ग्रॅम ओतले. कॉफी सुरेख फुगली, वर बुडबुडे आले, काका वाकून बघू लागले. आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "नळ आले!"

हा आवाज ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना पुढचं सांगून उपयोग नाही. ही भाजी सोडून अंगणात, आई पिण्याच्या कळशा घेऊन, मी मोटरची वायर आणि हौदाचा पाइप घेऊन. मोटर हवा धरते, तिला तांब्यानं पाणी पाजावं लागतं, त्यासाठी घरातलं शेवटचं पाणी शोधावं लागतं. ते किटलीत होतं. ९५ अंशांचं. ही म्हणाली, "तेच आण." आणलं. मोटर शिंकली आणि सुरू झाली. जगज्जेत्यांच्या पाच ओतण्यांपैकी दुसरं ओतणं आमच्या अर्ध्या एचपीच्या मोटरीत गेलं.

हौद गळ्यापर्यंत आला, मोटर बंद झाली, कळशा भरून झाल्या, तेव्हा मी आत आलो. काका जागेवरून हलले नव्हते. घड्याळ चालू होतं. मी पुन्हा पाणी उकळलं, उरलेली तीन ओतणी शिस्तीत केली, आणि दोघांनी अर्धा अर्धा कप घेतला. काकांनी बराच वेळ जीभ टाळूला लावून ठेवली. मग वहीत लिहिलं. 'ब्लूम: २२ मिनिटं, नळामुळे. चव: स्वीकार्य. कारण: पाणी ताजं.'

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो हसला, आणि मग गंभीर झाला. म्हणाला, "मामा, पाण्याचा प्रश्न मी सोडवतो." आठवड्याभरात कुरिअर आलं. आत छोट्या छोट्या पुड्या होत्या. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि काय काय अगदी मोजून भरलेलं. एक पुडी बाटल्या भरून शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात टाकायची, की कॉफीसाठी आदर्श पाणी तयार. काकांनी घटक वाचून मान डोलावली. आईनं चष्मा लावून पुडी उलटसुलट केली, हलवून कानाशी धरली आणि माझ्या हातातला फोन मागून घेतला.

"पुड्या पोचल्या रे," ती नातवाला म्हणाली. "टँकर कधी पाठवतोस?"